माझंच रक्त माझ्या गळ्यात

माझ्या आवाजाचं वाटोळं मी स्वतः केलं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर भेटायला येणारे लोक माझ्यासमोरच डॉक्टरांना बोल लावतात आणि मला ते गप्प बसून ऐकावं लागतं. गप्प बसण्यावाचून आता माझ्याकडे दुसरा उद्योगही उरलेला नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी छत्तीस वर्षं शिकवलं, शेवटची चौदा वर्षं माझ्याच गावात, पुणतांब्यात. पण पंचक्रोशीत मला शिकवण्यासाठी कोणी ओळखत नव्हतं. ओळखायचे ते माईकसाठी. आमच्याकडच्या लग्नात मंगलाष्टका दहा मिनिटं आणि स्वागत दीड तास. कारखान्याचे संचालक आले, त्यांचं स्वागत. सोसायटीचे चेअरमन आले, त्यांचं स्वागत. माजी सरपंच मांडवाच्या दारात चपला काढताना दिसले तरी त्यांचं नाव घ्यावं लागतं, नाहीतर ते न जेवता निघून जातात आणि वर्षभर लक्षात ठेवतात. ही नावं घेणारा माणूस मी. कोण आधी, कोण नंतर, कोणाच्या नावामागे काय लावायचं, सगळं तोंडपाठ. दहाव्याला गोदावरीच्या घाटावर श्रद्धांजलीचा माईकही माझ्याच हातात. गुरुजी दोन शब्द बोलले की मेलेला माणूस बरा वाटायला लागतो, असं लोक म्हणायचे आणि मला ते आवडायचं.

निवृत्त झालो त्या वर्षी आवाज बसायला लागला. हळद-दूध, ज्येष्ठमध, काढे, सगळं करून झालं. शेवटी नगरच्या एका दवाखान्यात घशात दुर्बीण घालून बघितलं. बसच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहितात, पण आमच्या तोंडी नगरच. उजव्या स्वरतंतूवर मटकीच्या दाण्याएवढी गाठ निघाली. साधी होती, काढून टाकली. चौदा दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही, हे तिथल्या डॉक्टरांनी एकदा मला सांगितलं, एकदा बायकोला सांगितलं आणि एकदा कागदावर लिहून दिलं.

सहाव्या दिवशी गावात लग्न होतं. वरबापाने गाडी पाठवली. "गुरुजी, नुसतं पुढं बसून ऱ्हावा, तुमच्याबिगर मांडव सुना दिसतो." मी बसलो. माईकवर बेलापूरचे एक मास्तर होते. त्यांनी चेअरमनचं नाव संचालकाच्या आधी घेतलं. मग एका चालू सरपंचाला माजी करून टाकलं. मांडवात कुजबुज सुरू झाली, वरबाप माझ्याकडे बघायला लागला, आणि मी उठून माईक हातात घेतला. माईक आहे की! माईकमध्ये बोलायला घशाला जोर लागतोच कुठे, असं मला वाटलं, वरबापाला वाटलं, आणि साउंडवाला तर म्हणाला, "गुरुजी, तुमी निस्तं व्हट हालवा, आवाज म्या वाढवतो." त्याने खरंच खुंटी फिरवली. मी पाऊण तास बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

गाठ काढली होती तिथे व्रण धरला. स्वरतंतूची मऊ कड ताठ झाली. दोन तंतू एकमेकांना टेकेनात, मधल्या फटीतून हवा निसटायला लागली. मी बोलायचो आणि समोरच्याला नुसता वारा ऐकू यायचा. फोन उचलला की पलीकडचा चार वेळा हॅलो हॅलो करून ठेवून द्यायचा. दुकानात मी मीठ मागत उभा असायचो आणि मागून आलेली पोरंसोरं सामान घेऊन जायची. आधी राग आला, मग लाज वाटली, मग मी दुकानात जाणंच सोडलं. माईकची मंडळी दोन महिने चौकशीला येत होती, नंतर त्यांनी बेलापूरच्या मास्तरांनाच धरलं. ते अजूनही नावं चुकवतात.

पण खरं सांगायचं तर माईक गेल्याचं दुःख महिन्याभरात ओसरलं. वेगळंच एक दुःख येऊन बसलं, आणि ते माझ्या दोस्तामुळे.

आम्ही दोघं चौथीपर्यंत एका बाकावर. तो पाचवीतून उसात गेला, मी डी. एड.ला. नदीकडच्या अंगाला त्याची वस्ती, ऊस आणि कांदा. ऊस पिकवता पिकवता अंगात साखर शिरली, असं तो स्वतःच सांगायचा. त्या साखरेने आधी त्याचे डोळे नेले. मग हातापायाची बोटं बधिर झाली, इतकी की गरम चहाचा पेला धरला तरी त्याला कळायचं नाही. मग मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीनदा त्याला श्रीरामपूरला डायलिसिसला न्यायचे. अंगातलं सगळं रक्त नळीतून बाहेर काढायचं, यंत्रात धुवायचं आणि परत घालायचं. चार तास तो खाटेवर पडून असायचा.

त्याचे डोळे गेल्यापासून मी रोज सकाळी त्याच्या वस्तीवर जाऊन त्याला पेपर वाचून दाखवायचो. आधी निधनवार्ता, मग कांद्याचा भाव, मग पुढाऱ्यांच्या बातम्या. प्रत्येक बातमीला मी मध्येच थांबून शिवी घालायचो आणि तो तिच्यात भर घालायचा. अकरा वाजेपर्यंत आमचं हेच चालायचं. माझा आवाज गेल्यावर त्याच्या सुनेने त्याला मोबाईलवर बातम्या लावून दिल्या. दोन दिवसांत त्याने तो मोबाईल बाजूला सारला. म्हणाला, "ह्यो मधी थांबत न्हाई. मास्तर थांबून शिव्या देतो."

मी जायचो तरी. पण काय करणार? त्याला दिसत नाही म्हणून लिहून दाखवता येत नाही, मला बोलता येत नाही म्हणून सांगता येत नाही. हातावर बोटाने अक्षरं काढून पाहिली, तर त्याच्या तळव्याला काही कळेना. पंखा बंद करून, त्याच्या कानाला तोंड लावून मी एकेक शब्द ढकलायचो. तो विचारायचा, "कोन फुंकतंय रं कानात?" आणि आम्ही दोघं हसायचो. त्याचं हसणं ऐकू यायचं, माझं नाही. घरी येऊन मी रडलो आहे, लपवत नाही.

म्हणून मी नगरला सावेडीतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. कोणीतरी सांगितलं होतं की त्या रक्तातून काढलेल्या औषधाने घसा दुरुस्त करतात. माझ्या मुलीच्या वयाच्या असतील. माझी बायको बरोबर होती, कारण माझं म्हणणं सांगायला कोणीतरी लागायचं. बाईंनी दुर्बिणीतून बघितलं आणि टीव्हीच्या पडद्यावर मला माझेच स्वरतंतू दाखवले. डावा वाऱ्यावरच्या पदरासारखा लहरत होता. उजवा ताठ.

"काका, तुमच्या हातातून रक्त काढू," त्या म्हणाल्या. "ते यंत्रात वेगाने फिरवलं की त्यातला पिवळसर भाग वेगळा होतो. जखम भरून आणणारे कण त्या भागात जास्त असतात. तो भाग या व्रणात टोचायचा. काहींना फरक पडतो, काहींना पडत नाही. यावर अजून पुरता अभ्यास झालेला नाही. मी खात्री देत नाही."

माझ्या बायकोने विचारलं, "पहिल्यासारखा होईल?"

"पहिल्यासारखा नाही," बाई म्हणाल्या. "ऐकू येईल इतका झाला तरी मी खूश होईन."

मी वहीत लिहिलं, 'मीही.' त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, "पण प्रत्येक वेळी सात दिवस मौन. बोलणं नाही, कुजबुजणं नाही, हुंकारसुद्धा नाही. कुजबुजीने घशावर जास्त ताण येतो. मागच्या वेळी काय झालं ते तुम्हाला माहीत आहे." मी मान खाली घातली. शाळेत पोरं माझ्यासमोर घालायची तशी.

घरी येऊन हे सांगितलं तर सगळ्या आळीने माझं रक्त वाढवायचं मनावर घेतलं. रक्त टोचायचंय म्हणजे रक्त चांगलं पाहिजे, असा सगळ्यांचा हिशेब. बीट आलं, खजूर आला, गूळ-शेंगदाणे आले, एका घरून कलेजीचा डबासुद्धा आला. दोन आठवडे मी लाल जेवत होतो. दोस्ताला माझ्या बायकोने सगळं समजावून सांगितलं तेव्हा तो खाटेवर पडून खो खो हसला. "तुजंच रक्त काडायचं न् तुजाच गळ्यात घालायचं? ह्यो उद्योग मास्तरलोकांनीच करावा. त्यापरीस माजं घे. माजं तर आठवड्यात तीन येळा धुतल्यालं असतंय." मग जरा वेळाने म्हणाला, "पर कर, मास्तर. लवकर कर. माजं काय खरं न्हाई."

हे तो हसत म्हणाला नव्हता. तेव्हापासून माझ्या मनाने एकच धरलं. तो आहे तोवर माझा आवाज आला पाहिजे. माझ्या आवाजात मला एकदा त्याच्याशी बोलायचं होतं. काय बोलायचं होतं ते विचाराल तर विशेष काही नाही. रोजचंच. पण ते राहून गेलं असतं तर मला जड गेलं असतं, हे मला ठाऊक होतं.

पहिली सुई वैशाखात झाली. दंडातून रक्त काढलं, चार बारक्या नळ्या. शेजारच्या खोलीत यंत्र घूं घूं करत फिरत होतं आणि मी इकडे घशात बधिर करायच्या औषधाचा फवारा घेऊन लाळ गाळत बसलो होतो. नाकातून दुर्बीण आत गेली. मग गळ्याच्या बाहेरून, कंठमण्याच्या जरा खालून, सुई. दुखलं कमी, जीव घाबरला जास्त. पडद्यावर मला दिसलं, ताठ तंतू जरासा फुगला. दहा मिनिटांत सगळं उरकलं. आम्ही बसने राहुरी, श्रीरामपूर करत घरी आलो. त्या रस्त्यावर बस आदळली की माझा हात गळ्याकडे जायचा, जणू आतलं औषध सांडेल.

सात दिवस मी पाळले. इतके कडक पाळले की मुंगी चावली तरी नुसते दात दाबायचो. आठव्या दिवशी तोंड उघडलं. वाराच होता. जरासा जाड वारा.

दुसरी सुई पावसाळ्यात झाली. सात दिवस झाल्यावर एका सकाळी दोस्ताच्या खाटेशी बसून मी 'अ' म्हटलं आणि त्याला आवाज चिकटला. फाटका, खरबरीत, पण आवाज. दोस्त ताडकन उठून बसायला बघत होता. "आला रं! वयनी, आवो ऐका, मास्तर आला!" अंगणात माझी बायको आणि त्याची बायको बोलत उभ्या होत्या, त्या धावत आल्या. त्या दिवशी मी त्याला निधनवार्ता वाचून दाखवल्या, चार ओळी. चौथ्या ओळीला आवाज गेला. पुढच्या तीन दिवसांत मला सर्दी झाली, खोकला झाला, आणि जे आलं होतं ते खोकल्याबरोबर निघून गेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, आता शेवटची एक देऊ. त्यानंतर थांबू आणि वाट बघू." त्यांचा चेहरा मला नीट वाचता येत होता. छत्तीस वर्षं मी नापास होणाऱ्या पोरांच्या आईबापांशी तसाच चेहरा करून बोललो आहे.

तिसरी सुई एका सोमवारी झाली. त्याच आठवड्यात गुरुवारी दोस्ताला श्रीरामपूरहून घरी आणलं. अंगात जंतू पसरले होते, रक्तदाब टिकत नव्हता, यंत्रावर घेता येत नव्हतं. घरी न्या, म्हणाले. मला हे शुक्रवारी दुपारी कळलं, तेही वाटेत भेटलेल्या एका माणसाकडून. आमच्या घरी कोणी निरोप पाठवला नव्हता. मला त्याचा संताप आला. तसाच उठलो आणि त्याच्या वस्तीवर गेलो. मौनाचा तो पाचवा दिवस.

आता त्याच्या थोरल्या भावाबद्दल सांगायला पाहिजे. त्याच वस्तीवर, मध्ये एक गोठा सोडून, भावाचं घर. दोघांची विहीर सामाईक, आणि पाण्याच्या पाळीवरून एकोणीस वर्षं दोघांचा अबोला. आमच्याकडे अबोला म्हणजे नुसतं रुसणं नव्हे, त्याचे नियम असतात. सणाला ताट जातं, पण पोरांच्या हाती. सांगायचंच झालं तर भावाला ऐकू जाईल असं बैलाला सांगतात. आणि अबोल्यातला माणूस दुसऱ्याच्या दुखण्याला जातो, जावंच लागतं. जातो, खाटेजवळ बसतो, एक अक्षर बोलत नाही, पाणी घेत नाही आणि उठून जातो. गावात हे सगळ्यांना माहीत. मलाही माहीत होतं, पण त्या दुपारी माझ्या डोक्यात ते आलं नाही.

वहिनी, म्हणजे दोस्ताची बायको, दोन रात्री जागून आतल्या खोलीत झोपल्या होत्या. सुनेने मला खुर्ची दिली, बोटाने खाट दाखवली आणि चहा ठेवायला मागे गेली. लाईट गेलेली, पंखा बंद. दोस्त उताणा पडलेला, अर्धा झालेला. खुर्ची वाजली तसं त्याने डोकं हलवलं.

"कोन हाय?"

मी त्याचा हात धरला. त्याला कळलं नाही. मी हात उचलून माझ्या गालावर ठेवला. चार दिवसांची दाढी होती. त्याने ती बोटांनी चाचपली, जेवढं कळत होतं तेवढं. मग एकदम त्याचं तोंड लहान पोरासारखं वाकडं झालं.

"दादा?" तो म्हणाला. "दादा, तू आलास व्हय?"

मी हात झटकून नाही म्हणायला हवं होतं. आंधळ्याला नाही कसं म्हणायचं, हात झटकून? तो अर्थ वेगळाच झाला असता. मी आत सुनेकडे बघितलं, ती मागे चुलीपाशी होती. मी तसाच बसून राहिलो.

"बोलू नको. तुजा नेम मोडू नको," तो म्हणाला. "मीच बोलतो. पाळी तुजीच हुती, दादा. त्या दिशी मोटर म्या चालू केल्ती. तुजा कांदा जळतोय ते मला ठावं हुतं. आन् पंचांम्होरं देवाची शप्पत घेतली की पाळी माजी. एकुनीस वरसं झाली. रोज म्हनलं सांगू, रोज ऱ्हायलं."

त्याला दम लागला. मी पाणी पाजलं. भाऊ असता तर त्यानेही पाजलं असतं की नाही, कोण जाणे.

"मास्तरला बोलावलं न्हाई म्या," तो मग म्हणाला. "घरात सांगून ठेवलंय, त्याला कळवू नगा. त्यानं सुई घेतलीय. हितं आला तर बोलल्याबिगर ऱ्हायाचा न्हाई, न् गळा घालवून बसंल. त्याला बरा हू दे."

मी बसलो होतो त्याच्यापासून एका हातावर.

"दादा, एकदा हुं म्हन. म्हंजे मला कळंल तू माफ केलंस. बोलू नको, निस्तं हुं."

हुं. एवढंच मागत होता. हुंकारसुद्धा नाही, असं बाई म्हणाल्या होत्या. दोन दिवस राहिले होते. मला वाटलं, एका हुंकाराने मी पुन्हा सगळं घालवीन. मागच्या वेळी माईकपायी घालवलं होतं, ते आठवलं. आणि असंही वाटलं की दोन दिवसांनी मी माझ्या आवाजात येऊन त्याच्याशी नीटच बोलेन, दोन दिवस तर तो काढेल. लोकांना सांगताना मी म्हणू शकलो असतो की त्याचा आनंद मोडू नये म्हणून मी गप्प राहिलो. तेही होतं. पण आधी घसा होता. मी त्याचा हात दाबला, जितका दाबता येईल तितका. ज्या हाताला काही कळत नव्हतं तो.

त्याने वाट बघितली. मग म्हणाला, "हुं बी न्हाई? आसू दे. आलास तेच लई झालं."

सून चहा घेऊन आली तोवर त्याला झोप लागली होती. मी चहा न घेता उठलो.

शनिवारी सकाळी तो गेला. मी खांदा दिला, तोंड मिटून. सोमवारी मौन सुटलं. मी मोरीत जाऊन, दार लावून 'अ' म्हटलं, आणि आवाज आला. आधीच्या दोन्ही वेळांपेक्षा चांगला. बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "कोण बोललं?" तिला ऐकू गेलं होतं. मी तिथेच बादलीवर बसलो आणि मला तो आवाज नकोसा झाला. कोणाशी बोलणार होतो मी?

दशक्रियेला घाटावर बरीच गर्दी होती. थोरला भाऊ पिंडाजवळ बसला होता, डोकं तासलेलं. वहिनी ज्याला त्याला सांगत होत्या की शेवटच्या दिवशी दादा येऊन बसले, यांनी मला उठल्या उठल्या सांगितलं, फार समाधानाने गेले. मी उठल्यावर ते येऊन गेले असतील, असं सुनेलाही वाटलं असावं. बायका भावाकडे बघून डोळे पुसत होत्या. भाऊ मान खाली घालून ऐकत होता, हो म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता. माईकवर बेलापूरचे मास्तर होते, त्यांच्यानंतर महाराजांचं प्रवचन सुरू झालं. चार कर्णे लावले होते, नदीच्या पलीकडच्या गावातही ऐकू गेलं असेल.

कावळा शिवल्यावर भाऊ गर्दीतून माझ्याकडे आला. माझ्या बाजूला उभा राहिला, नदीकडे तोंड करून.

"म्या गेल्तो न्हाई," तो म्हणाला. "दोनदा गोठ्यापसुर गेलो न् माघारी फिरलो. तुमी हुता न्हवं?"

मी मान हलवली.

"काय म्हनला तो?"

त्याला वाचता येत नाही. दुसऱ्या कोणाकरवी सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती. मी बोललो. पाळी तुमचीच होती म्हणाला. महाराज कर्ण्यातून वैराग्यावर बोलत होते. भावाने कान पुढे केला.

"ऐकू यीना, गुरुजी. वाईच मोठ्यानं."

मी जोर केला. मोटर त्याने चालू केली होती, तुमचा कांदा जळत होता ते त्याला माहीत होतं. माझ्याच कानाला माझं बोलणं ऐकू येत नव्हतं.

"मोठ्यानं, गुरुजी."

मी त्याचा दंड धरला आणि पोटापासून ओरडलो. माफी मागितली त्याने, एकोणीस वर्षांची. घशात काहीतरी फाटल्यासारखं झालं, तोंडात खारट चव आली आणि नुसता वारा बाहेर पडला. तरी मी बोलतच राहिलो, ओठ हलवत राहिलो, शेवटपर्यंत सगळं सांगितलं.

भावाने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. मग त्याने समजल्यासारखी मान हलवली. समोरच्याला तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली की माणसं हलवतात तशी. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "बरं झालं, गुरुजी, सांगितलंत," आणि पायऱ्या उतरून अंघोळीला गेला. त्याला एक शब्दही ऐकू आलेला नव्हता.